आमच्या गल्लीचं बिनस्क्रिप्टचं नाटक

टेकअवेचे रिकामे डबे आणि तालमीतले किस्से आपोआप साठतात. टाकवत नाहीत, आणि एकाचं झाकण दुसऱ्याला बसत नाही! मी जन्मभर क्लार्क, त्यामुळे साठवायची सवय आहेच.

आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळानं यंदा तयार नाटक घ्यायचं नाही असं ठरवलं. प्रत्येकानं रोजच्या जगण्यातला प्रसंग आणायचा, तालमीत करून बघायचा, त्यातून नाटक. दिग्दर्शिका मुग्धा, मूळची पुण्याची, म्हणाली, "काका, आपापलं खरं आयुष्य आणा."

पहिल्या तालमीला सगळ्यांनी शेजाऱ्यांचं आणलं!

*

प्रसंग साधा. पाहुणा निघतो. पाहुणा मी, यजमान जयंतराव. "बराय, येतो," म्हणून उठलो. दारात मॉर्गेजचा विषय निघाला, मग गुडघ्यांचा, मग जयंतराव चकल्यांचा डबा घेऊन आले.

"काका, एक्झिट घ्या ना!"

"अगं, अजून बूट कुठे घातलेत?"

हॉलचा केअरटेकर दिवे घालवायला आला, तेव्हा कुठे मी निघालो.

*

जयंतरावांना सगळं ऑथेंटिक लागतं. कचऱ्यावरून भांडणाच्या सीनसाठी त्यांनी घरची खरी कचऱ्याची बिन आणली. जागा वाचावी म्हणून सगळ्यांचे कॉस्च्यूम तिच्यातच भरले आणि बिन हॉलबाहेर ठेवली. कचऱ्याची गाडी त्या दिवशी कधी नव्हे ती वेळेवर आली!

जयंतराव शांतपणे म्हणाले, "बघा, किती ऑथेंटिक!"

*

सुलभाताई माझ्यासमोरच्या घरात एकट्या राहतात. मुलगा निखिल स्टॅनमोरला. हे घर विकून आईला आपल्याकडे न्यायचं, असं त्यानं ठरवलेलं. ताईंना जायचं नव्हतं. तसं त्या मला रोज सांगत. मुलापुढे मात्र 'नाही' तोंडातून फुटत नसे.

त्यांनी आणलेला प्रसंग असा: पुरणपोळ्या घेऊन त्या न कळवता निखिलकडे गेल्या. त्यानं दार उघडलं आणि म्हणाला, "आई, फोन करून यायचं ना!"

मुग्धानं मुलाचं काम निखिललाच दिलं. तो जन्मला इथेच. म्हणाला, "पण मी इतका रूड नव्हता बोलला."

"नाही रे," ताई म्हणाल्या, "तू प्लीजही म्हणाला होतास."

*

शेवटचा सीन ठरलेला होता. मुलगा न्यायला येतो, आई बॅग उचलून त्याच्याबरोबर जाते, पडदा. तालमीत ताई निमूट जायच्या. प्रयोगानंतरच्या सोमवारी एजंट खरोखरच त्यांचं घर बघायला येणार होता.

हॉल भरलेला. निखिल सेटच्या दारात उभा. "आई, तुझा बॅग रेडी आहे? घर आपण विकून टाकू."

ताई बॅग न घेताच दाराशी आल्या. त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं. "सांभाळून जा हं," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

टाळ्या! विंगेत मुग्धानं माझा हात धरला. "काका, हे कधी ठरलं?"

निखिल दाराबाहेर एकटाच. त्यानं बेल वाजवली.

आतून ताई म्हणाल्या, "फोन करून यायचं ना! प्लीज."