चौथ्या घराची जमीन

शेठनी मला कामावर ठेवताना एकच गोष्ट शिकवली. विचारतील तेवढंच सांगायचं, आपणहून तोंड उघडायचं नाही. मी तेव्हा सत्ताविशीतला, मॅट्रिकला दोनदा आपटलेला, घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी. पगार देणारा जे शिकवील ते शहाणपण, अशी माझी अवस्था होती.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची ही गोष्ट. शेठचा महाडात लाकडाचा आणि कौलांचा धंदा होता. त्यांनी गावाबाहेर पोलादपूरच्या रस्त्याला एका म्हाताऱ्या बागवाल्याचा भाजीचा मळा विकत घेतला आणि तिथे सहा घरांची ओळ उठवली. प्रत्येकाला ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परसू. तयार घर विकत घ्यायचं ही कल्पनाच आमच्याकडे नवी होती. माणसं घर बांधायची, विकत घ्यायची नाहीत. त्यामुळे बघायला येणारे जरा बावरलेले असत आणि मुलीचं स्थळ बघायला आल्यासारखे प्रश्न विचारत. सावित्रीचं पाणी पावसात इथवर येतं का? येत नव्हतं, ते मी छाती ठोकून सांगे. भिंती चिऱ्यांच्या की मातीच्या? कौलं मंगळुरी की गावठी? एक मास्तर तर वहीत प्रश्न लिहून आले आणि प्रत्येक उत्तरापुढे माझी सही मागायला लागले. मी मुकाट्याने केली. त्यांनी सतरा प्रश्न विचारले. अठरावा विचारला नाही, आणि पहिलं घर घेतलं.

अठरावा प्रश्न, इथे आधी विहीर होती का, हा होता. मळा म्हटला की विहीर आलीच. ती मळ्याच्या अगदी मध्यावर होती आणि शेठच्या नकाशात तिथे चौथं घर येत होतं. विहीर ठेवली असती तर पाचच घरं झाली असती. म्हणून शेठनी ती बुजवायला लावली, माझ्या देखरेखीखाली. घाटावरून आणलेल्या गड्यांनी आठवडाभर त्यात फुटके चिरे, नदीतले गोटे आणि माती लोटली आणि ते आपल्या गावी निघून गेले. बागवाला शेवटच्या दिवशी आला आणि रहाटाच्या खांबाला हात लावून उभा राहिला.

"जल्मभर हिचं पाणी प्यालो," तो म्हणाला. "हिच्यात कदी कोंबडीचं पिल्लूसुद्दा बुडालं नाय. नारळ तेवढा द्या तिला, मंग बुजवा."

मी हो म्हटलं. नारळ दिला नाही. नारळ म्हटला की भटजी आला, आणि भटजी आला की गावभर झालं. बुजवलेल्या विहिरीवर संसार मांडायला आमच्याकडे कोणी तयार होत नाही. गवंड्याने भिंतींचा पाया विहिरीपासून हातभर लांब घेतला, त्यामुळे ती बरोबर माजघराच्या पोटात गेली. वर जमीन चोपली, सारवली, आणि विहीर संपली. शेठनी एवढंच बजावलं, की इथे मळा होता म्हणू नकोस, भाताचं शेत होतं म्हण. भात पावसावर येतो, भातशेतात कोणी विहीर शोधत नाही.

आणि चौथं घर आधी खपव, असंही म्हणाले.

घर बघायला येणारा प्रत्येक जण विहिरीला पाणी किती म्हणून विचारायचा. इथे विहीर नाही, गावातली दहा मिनिटांवर आहे, कावडीवाला पाणी आणून घालतो, असं सांगताना मला चेहरा पाडावा लागे. तो चेहरा मला छान जमायला लागला होता. एके दिवशी पोलादपूरहून येणाऱ्या एस.टी.तून एक नवराबायको उतरली. उमरठकडच्या एका वाडीतली, पन्नाशी ओलांडलेली शेतकरी माणसं. नवरा ओटीवरच टोपी हातात धरून बसला. बोलायचं काम बाईंचं होतं. त्यांनी वर कौलांकडे बघितलं नाही, भिंतींवर टिचकी मारली नाही.

"हितं विहीर हाय का, दादा?"

मी चेहरा पाडला. "नाही हो मावशी. पाणी जरा लांबून आणावं लागतं."

बाईंचा चेहरा उजळला. मी तसा उजळलेला चेहरा त्या सहा घरांत दुसरा पाहिला नाही.

"दारातनं दिसत नाय ना कुठली?"

"नाही."

त्या आत स्वयंपाकघर बघायला गेल्या तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. त्यांची सोळा वर्षांची मुलगी वाडीतल्या विहिरीत गेली होती. विहीर अगदी दारासमोर. दोन वर्षं झाली, बाई त्या विहिरीचं पाणी भरत नव्हत्या, ओढ्यावर जात होत्या. दार उघडलं की विहीर दिसते म्हणून मागच्या दाराने बाहेर पडत होत्या. शेवटी त्यांनी शेतं विकली. "जितं विहीर नाय तितं ऱ्हायचं म्हणती," तो म्हणाला.

तेव्हा दुसरं, चौथं आणि सहावं अशी तीन घरं शिल्लक होती. मावशी, दुसरं घ्या, एवढं म्हणायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती. कारणही सांगावं लागलं नसतं. बाई चौथ्या घराच्या माजघरात उभ्या होत्या. छपरातल्या काचेच्या कौलातून ऊन आत येऊन सारवलेल्या जमिनीवर पडलं होतं, ते त्यांना आवडलं होतं. उंबऱ्यावर येऊन त्यांनी विचारलं, "आदी काय होतं हितं?"

"भाताचं शेत," मी म्हणालो.

जन्मभर भात लावलेली बाई ती. तिला बरं वाटलं.

दोन पावसाळे गेले. दुसऱ्याच्या अखेरीस नवरा मला बोलवायला आला, पण काय झालं ते सांगेना. मी गेलो तर माजघर रिकामं केलेलं होतं, आणि मधोमध जमीन चार बोटं खचली होती. चांगली वाटोळी खचली होती. सारवण कडेने फाटलं होतं आणि आतली माती ओली होती. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या.

"दादा, ही विहीर हाय."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"खोल किती?"

"चार पुरुष."

"आमची बी तेवडीच." मग म्हणाल्या, "कोण गेलं हिच्यात?"

कोणी नाही, मी म्हणालो. खरं तेच सांगितलं. बागवाला काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांगितलं, आईची शपथ घेतली, देवाची घेतली. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कोण गेलं नसतं, तर तुमी लपवली असती कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. पाचाऐवजी सहा घरं करायची होती म्हणून लपवली. मी ते दिलंही. बोलता बोलता मलाच ते खोटं वाटायला लागलं.

साक्षीला बागवाल्याला आणावं म्हणून गेलो, तर तो आदल्याच वर्षी वारला होता. शेठनी दोन गाड्या माती पाठवली. आम्ही जमीन पुन्हा चोपून घेतली. पुढच्या पावसाळ्यात ते वर्तुळ पुन्हा उमटलं. आता घर सोडून जायचं तर कुठे जायचं? शेतं गेली होती. बाई त्या खळग्याच्या कडेला रोज तिन्हीसांजेला दिवा लावायला लागल्या. आत एक मुलगी आहे, सोळाएक वर्षांची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला बाजारात गाठून विचारायच्या, "नाव आठवलं का, दादा? आमच्या पोरीचं नाव घ्यायला आमी हाव. हिचं कोण घेणार? नाव घेतल्याबिगर दिवा पोचायचा कसा?"

रागाने कधी विचारलं नाही. चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. मी बाजाराला जायचा रस्ता बदलला. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर त्या बाईचा रागही येत होता. जी मुलगी कधी नव्हतीच, ती मी एका शब्दाने त्या घरात आणून ठेवली होती, आणि आता खरं बोलून ती बाहेर जात नव्हती. एके दिवशी नवरा घरी आला. बाई जेवत नाही, झोपत नाही, म्हणाला. "काय तरी सांगा तिला. काय बी सांगा."

मी त्याच्याबरोबरच गेलो. तिन्हीसांज झाली होती. बाई वात वळत बसल्या होत्या. त्यांनी नेहमीसारखं विचारलं आणि मी एक नाव सांगितलं. ठरवून नाही सांगितलं. तोंडाला आलं ते बोललो, आणि बोलून झाल्यावर कळलं की ते माझ्या मुलीचं नाव होतं. मुलीचं नाव म्हटल्यावर बापाच्या तोंडात दुसरं कुठलं येणार?

बाईंनी ते दोनदा उच्चारून बघितलं. मग तेल घातलं, दिवा लावला, ते नाव घेतलं आणि खळग्यापुढे हात जोडले. रडल्या. त्या रात्री त्यांना झोप लागली, असं नवऱ्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी इतकं खरं सांगितलं त्यातलं काही त्यांनी घेतलं नव्हतं, आणि हे एका क्षणात घेतलं. पुढे मला त्यांनी कधी काही विचारलं नाही. जगल्या तोवर दिवा लावत राहिल्या, त्याच नावाने.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा बायको दारात उभी राहून मुलीला नावाने हाका मारत खेळातून आत बोलवत होती. मी धावत जाऊन बायकोला गप्प केलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

माझ्या मुलीला आता नातवंडं आहेत. धडधाकट आहे, माझ्यावर ओरडते, माझं पथ्यपाणी बघते. पण तिन्हीसांजेला तिला कोणी नावाने हाक मारली की ती ओ द्यायच्या आत मी खाटेवरून ओरडतो, "आहे, इथे घरात आहे." घरातले हसतात. मी कोणाला सांगतो ते त्यांनी कधी विचारलं नाही. आणि विचारलं नाही ते मी आपणहून सांगत नाही.