‘रांग’मधली हरवलेली चार मिनिटं

नाचाच्या कंपनीत किस्से जमवावे लागत नाहीत. बारा माणसं रोज अडीच तास एकमेकांच्या अंगावर पडत असतील, तर किस्से आपोआप होतात. आपण फक्त टॉवेल घेऊन बाजूला उभं राहायचं. मी गेली नऊ वर्षं तशी उभी आहे.

माझा हुद्दा रिहर्सल डायरेक्टर. म्हणजे विद्याताई नाच बसवतात, मुलं नाचतात आणि कोणाचा हात कुठे होता यावरून भांडणं लागली की मी ओरडते. ओरडण्यात माझा हात कोणी धरणार नाही. डोंबिवली पूर्वेला एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आमची प्रॅक्टिस चालते. आम्ही ‘कंटेम्पररी’ करतो असं सांगितलं की आमच्या शेजारच्या काकू अजून विचारतात, “म्हणजे नक्की कुठल्या भाषेतलं गाणं?”

ताईंनी पंधरा वर्षांत बसवलेले सात नाच आमच्याकडे आहेत. ह्याला रेपर्टरी म्हणतात. घरी आईला हे समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हणजे जुनंच परत परत करता?” हो बाई, तेच करतो.

ह्या वर्षी ताईंनी ठाकुर्लीचा फ्लॅट बंद करून मुलाकडे कॅनडाला जायचं ठरवलं. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे बदललेले, मुलगा ऐकेना. जायच्या आधी ठाण्याला एक मोठा शो करायचा असं आम्ही ठरवलं. ताईंना विचारलं, त्यात काय काय करू? म्हणाल्या, “काहीही करा. मला फक्त ‘रांग’ बघायची आहे. एकदा.”

‘रांग’ हा कंपनीचा पहिला नाच. सहा माणसं रांगेत उभी असतात, कशासाठी ते शेवटपर्यंत कळत नाही. अकरा मिनिटांचा नाच. आणि त्यातली मधली चार मिनिटं कोणालाच आठवत नव्हती! मी तर तेव्हा कंपनीत नव्हतेच. ताई सहा आठवड्यांनी निघणार होत्या.

“ताई, तुम्हाला आठवत असेल ना?” मी विचारलं.

“मी बसवते गं. लक्षात ठेवणं तुमचं काम!”

मग जरा वेळाने हळू आवाजात म्हणाल्या, “खरं सांगू का मानसी, खूप प्रयत्न केला. नाही येत.”



*

बाकीचे सहा नाच मात्र आम्हाला झोपेतून उठवलं तरी येतात. कारण ज्या नाचात एकदा काहीतरी बिघडतं, तो कोणी विसरत नाही.

‘पाण्याची वेळ’चंच बघा. डोक्यावर हंडा घेऊन चार मुली, सगळा डौल, सगळी लय. खडवलीला एका शाळेच्या पटांगणात शो होता. पुढे गावातल्या बायका बसलेल्या. आमच्या मुली आल्या आणि पहिल्या रांगेत खुसखुस सुरू झाली. मग हसणं. मग एक बाई मोठ्याने म्हणाल्या, “अगो, रिकामा हाय तो हंडा!”

हंडा रिकामाच होता. स्टेजवर पाणी सांडून कोणाला पडायचंय? पण मला राग आला. शो संपल्यावर मी तरातरा त्यांच्याकडे गेले. “मावशी, हा नाच आहे. खरं पाणी नसतं त्यात!”

मावशी उठल्या, स्टेजवर गेल्या, रिकामा हंडा डोक्यावर घेतला आणि चालल्या. मान हलली नाही. फक्त कमरेखालचं अंग चाललं. आम्हाला सगळ्यांना त्या हंड्यात पाणी दिसलं! खाली उतरून माझ्या हातात हंडा देत म्हणाल्या, “घे. आता भरलाय.”

ताईंनी दुसऱ्या दिवशी सगळा नाच बदलला. ती चाल अजून आमच्यात ‘खडवली’ म्हणूनच ओळखली जाते. “तन्वी, तुझी खडवली कच्ची आहे!” असं मी ओरडते तेव्हा नवीन आलेल्यांना काही कळत नाही.

*

दुसरा नाच, ‘थांब’. ह्यात पहिली तीन मिनिटं कोणी हलतच नाही. म्युझिकही नाही.

हा नाच आम्ही नवरात्रात, टेंभी नाक्याजवळच्या एका मंडळाच्या कार्यक्रमात केला. करायला नको होता, हे आता सांगून काय उपयोग? निवेदकाने घसा फुटेस्तोवर ओरडून सांगितलं, “आता येतोय एक धम्माल डान्स!” लोकांनी शिट्ट्या मारल्या. पडदा उघडला. आठ माणसं पुतळ्यासारखी उभी.

एक मिनिट गेलं. लोक बघतायत. दीड मिनिट गेलं. साउंडवाला घाबरून सगळ्या वायरी तपासायला लागला. मागून एक काका ओरडले, “अरे, गाणं लावा रे पोरांसाठी!” कोणीतरी स्वतःच्या मोबाइलवर गाणं लावलंसुद्धा, मदत म्हणून! आमची मुलं तरी हलली नाहीत, त्याबद्दल मी त्यांना आजही मानते.

शेवटी निवेदकाला राहवेना. माइक घेऊन तो कळवळून म्हणाला, “मंडळी, कृपया शांत राहा. बिघाड काहीही नाही. हे असंच आहे!”

ताई विंगेत खुर्चीवर बसून पोट धरून हसत होत्या. मी विचारलं, “ताई, वाईट नाही वाटलं?” तर म्हणाल्या, “अगं, आत्तापर्यंत माझ्या कामाचं इतकं नेमकं परीक्षण कोणी केलं नव्हतं.”

*

असो. ‘रांग’कडे येते. मी मूळच्या सहा जणांना शोधायला घेतलं. पाच जण केव्हाच कंपनी सोडून गेले होते. एक पुण्यात, एक नाशकात, एक जर्मनीत. पाचही जणांनी फोनवर छातीठोकपणे सांगितलं की आपल्याला सगळं लख्ख आठवतंय. आणि पाचही जणांनी वेगवेगळं सांगितलं! पाचांच्याही आठवणीत मधोमध, लाइटमध्ये, ते स्वतःच होते.

मग कळलं की पहिल्या शोचं व्हिडिओ शूटिंग आहे. स्वातीच्या नवऱ्याने केलेलं. स्वाती त्या सहातली एक, आता नाशकात असते. तिने लगेच पाठवलं. आम्ही सगळे लॅपटॉपभोवती गर्दी करून बसलो.

व्हिडिओत स्वाती होती. स्वातीचा चेहरा. स्वातीचा हात. स्वाती वळली की कॅमेरा वळायचा. बाकीचे पाच जण कुठे आहेत याच्याशी त्या भल्या माणसाला काहीही देणंघेणं नव्हतं! नवीनच लग्न झालेलं, काय बोलणार?

“निदान स्वातीवरून बाकीच्यांचा अंदाज तरी येईल,” मी म्हटलं.

तेवढ्यात मधला भाग आला. स्वाती विंगेत गेली. आणि व्हिडिओ बंद! पुढचा तुकडा सुरू झाला तो थेट ती परत स्टेजवर आल्यावर. मधली चार मिनिटं नवरोबांनी बॅटरी वाचवली होती.

मी नाशिकला फोन लावून जे काही बोलले, ते इथे लिहीत नाही.

*

राहिला प्रसाद. मूळच्या सहातला तो एकटाच अजून आमच्यात आहे. दिवसा बँकेत असतो, संध्याकाळी नाचतो. त्याची गंमत अशी की त्याच्या डोक्याला काही आठवत नाही, पायांना सगळं आठवतं. “आठव” म्हटलं की ठोंब्या.

म्हणून तन्वीने आयडिया काढली. तन्वी आमच्यातली सगळ्यात लहान, कॉलेजला आहे. म्हणाली, “मॅम, त्याला कळूच द्यायचं नाही. गुपचूप म्युझिक लावायचं. बॉडी अपने आप चालू होगी!”

प्रसाद वडापाव खात कोपऱ्यात उभा होता. तन्वीने ‘रांग’चं म्युझिक बरोबर मधल्या भागापासून लावलं. आम्ही सगळे उगाच इकडेतिकडे बघत उभे राहिलो. प्रसादचा डावा पाय हलला. मग तो दोन पावलं मागे गेला. वडापावचा हात वर, गुडघा खाली, आणि सरळ जमिनीवर लोळला! वडा सांभाळून!

एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळताना त्याने आमच्याकडे पाहिलं. “काय झालं? माझ्याकडे काय बघताय सगळे?”

गेलं! त्यानंतर आठवडाभर आम्ही त्याला रोज वडापाव खायला घातला. वजन वाढलं, बाकी काही झालं नाही. हातात आली ती फक्त वीस सेकंदं.

तीन आठवडे उरले होते. ताई रोज प्रॅक्टिसला यायच्या, खुर्चीत बसायच्या, काही विचारायच्या नाहीत. त्या विचारत नाहीत ह्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. ज्या बाईने आम्हाला सात नाच दिले, तिला जाताना अकरा मिनिटं देता येऊ नयेत? लाज वाटायची हो.

*

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे मी हॉलची चावी द्यायला गेले, तेव्हा माझा चेहरा बघून त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “अहो, मग ओगल्यांची वही बघा की.”

“कोण ओगले?”

समोरच्या विंगमधले. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून आमचा हॉल सरळ दिसायचा. सुरुवातीच्या काळात त्यांनी आमच्याविरुद्ध सोसायटीच्या तक्रारवहीत रोज तक्रार लिहिली होती. रोज! सेक्रेटरींनी कपाटातून वही काढून दिली. अक्षर मोत्यासारखं.

‘सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. समोरील सभागृहात सहा तरुण व्यक्ती एका रांगेत उभ्या. सर्वांत मागील मुलगी पुढील मुलास ढकलते. प्रयोजन समजले नाही.’

‘आज पुन्हा तेच. मात्र ढकलण्यापूर्वी तिने उजवा पाय उचलला.’

‘तिसरा मुलगा जमिनीवर तीन वेळा लोळला. कालच्यापेक्षा एकदा जास्त. तक्रार कायम आहे.’

‘हिरव्या कुडत्यातील मुलगा सतत चुकत आहे. संबंधितांनी लक्ष द्यावे.’

“हिरवा कुडता म्हणजे मी,” प्रसाद म्हणाला.

कोण कुठून आलं, कोणावरून कोण गेलं, कितव्यांदा पडलं, सगळं त्यात होतं! मी वाचत गेले, मुलं करत गेली. पाच दिवसांत साडेतीन मिनिटं उभी राहिली. मी आनंदाने इतकी किंचाळले की वरच्या मजल्यावरून नवी तक्रार आली.

उरलं अर्धं मिनिट. तिथे ओगले काकांनी लिहिलं होतं, ‘यापुढे ते जे करतात ते लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही. समितीने स्वतः येऊन पाहावे.’ त्याखाली वेगळ्या अक्षरात शेरा, ‘समिती येऊन गेली. समजले नाही.’

*

ठाण्याचा शो झाला, छान झाला. लोक उभे राहिले, फोटो निघाले. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या गुरुवारचं.

त्या दिवशी मी ओगले काकांकडे निघाले आणि ताई म्हणाल्या, “मी पण येते.” दोन मजले चढायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. लिफ्ट बंद होती. मी मनातल्या मनात सगळ्या सोसायटीचा उद्धार करत होते.

काकांनी दार उघडलं. ऐंशीच्या आसपासचे, स्वच्छ पांढरा सदरा, ताठ. मी ओळख करून दिली.

“हं. तुम्ही त्या हॉलच्या खिडक्यांना पडदे लावलेत,” ते म्हणाले.

“तुमच्याच तक्रारींमुळे लावले, काका!”

“तक्रारी मी केल्या. पण पडदे लावा, असं कुठे लिहिलं होतं मी?”

आयुष्यात पहिल्यांदा न ओरडता मी गुपचूप वहीतलं शेवटचं पान पुढे केलं. हे अर्धं मिनिट तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही, ताई पुढच्या आठवड्यात कायमच्या चालल्यात, तेवढं सांगा, म्हटलं. काकांनी चष्मा लावून स्वतःचं अक्षर वाचलं. मग ताईंकडे बघून म्हणाले,

“सांगता यायचं नाही. करून दाखवावं लागेल. आणि ते एकट्याने होत नाही.”

मी चटकन पुढे झाले.

“तुम्ही नको. तुम्हाला घाई फार. ह्या येऊ देत.”

ते आपल्या दिवाणखान्याच्या मधोमध, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. ताई सावकाश त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. दोघांची रांग.

“हात उचला. ढकलायला उचलतात तसा. हं. आता ढकलू नका. हात खाली घ्या आणि कपाळ टेका.”

ताईंनी त्यांच्या पाठीवर कपाळ टेकलं.

काका समोरच्या भिंतीकडे बघत मोजायला लागले. आम्ही नाचात आठ-आठ करून मोजतो तसंच, त्याच लयीत. एक, दोन, तीन, चार. ताईंचे खांदे हलायला लागले. माझ्याही डोळ्यांना धार लागली, लपवायला मी तोंड फिरवलंसुद्धा नाही. पाच, सहा, सात, आठ.

ताईंनी डोकं उचललं.

काका मागे न वळता म्हणाले, “अजून एक आठ आहे, बाई. तुम्हीच ठेवला होतात.”