आगाऊ प्रायश्चित्त

एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत माझ्या धाकट्या भावाने मुंबईहून बसऱ्याला खजुरासाठी जाणाऱ्या शिडाच्या गलबतावर मालाची देखरेख करण्याचे काम पत्करले. नारळी पौर्णिमेनंतर निघायचे होते. त्याने पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे आमच्या मुरबाडकडची पुराची नदी. त्याच्या तयारीची सूत्रे मात्र गावातील विद्वानांनी हाती घेतली. त्यांच्यापैकी एकानेही समुद्र पाहिलेला नसल्यामुळे त्यांच्या मतांना विलक्षण ठामपणा होता. बोट लागू नये म्हणून ते भावाला रोज दुपारी उपाशीपोटी झोपाळ्यावर झुलवीत. शेजारी कुंपणापलीकडून म्हणे, "कल्याणच्या एसटीत ओकतोस तू, नि बसऱ्याला निघालास? तिथं खिडकी नाय रे!"

भावाला ओकारीचे भय नव्हते. समुद्र ओलांडणाऱ्यास फाल्गुनात वडिलांच्या श्राद्धाला पंगतीत पान मिळणार नाही, असे आमच्या काकांनी जाहीर केले होते. त्या शब्दांनी त्याची झोप उडाली होती. मग काकांनीच तोड काढली. निघण्यापूर्वीच प्रायश्चित्त उरकून घ्यावे!

धर्मशास्त्र मी गुरुचरणी बसून शिकलो. प्रायश्चित्ताचा प्राण पश्चात्ताप, एवढे तेथे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळे. काकांचा धर्म सोवळ्यात सुरू होऊन पुरणात संपे. चिखलात उतरण्याआधी पाय धुऊन ठेवावेत, तशी ही शुद्धी.

निघण्याच्या सकाळी काका पंचगव्याची वाटी घेऊन ओटीवर आले.

"घे."

"परत आल्यावर घेतो, काका."

"आणि परत आलाच नाहीस तर?"

"मग पानाचा प्रश्नच मिटला."

काकांनी वाटी त्याच्या तोंडापुढे रेटली. मी शांतपणे म्हणालो, "काका, श्राद्धाचा कर्ता मी आहे. ह्याचे पान मांडायचे नसेल, तर आम्ही दोघे त्र्यंबकेश्वरी जाऊन श्राद्ध करू. येथे चूल पेटणार नाही."

वडिलांच्या सद्गतीची चिंता काकांनी आजवर अनेकदा बोलून दाखविली होती. जेवण बुडण्याची चिंता मात्र तेव्हा प्रथमच त्यांच्या मुखावर उमटली. त्यांनी वाटी झाकली.

"मांडू पान," ते पुटपुटले. भाऊ पायरी उतरताच त्यांनी हाक मारली, "येताना खजूर आण हो. चांगला काळा."

"समुद्रावरून येईल तो, काका."

"खजुराला चालतं."