कॅप्टनची सुट्टी

आमच्या ह्यांना ते कामाला आहेत त्या समुद्रकाठच्या बारमध्ये सगळे कॅप्टन, म्हणजे वेटरांचा म्होरक्या, म्हणतात. जन्मभर वेटरकी केली, पण घरी पाण्याचा पेलाही जागचा हलवत नाहीत. लग्नाच्या वाढदिवसाला मी हट्टच धरला, आज तिथेच गिऱ्हाईक होऊन जेवायचं. वाळूत खुर्च्या, दणदणीत गाणी, समोर गरमागरम मासा. पण ह्यांचं बूड खुर्चीला टेकेल तर शपथ! शेजारच्या टेबलावरच्या रिकाम्या बाटल्या उचलल्या, कुणाला लिंबू नेऊन दिलं. शेवटी माझीच प्लेट उचलली, अर्धा मासा होता तिच्यात!

"अहो, जेवतेय मी अजून!"

"सॉरी मॅडम," हे अदबीनं म्हणाले.

मग मी सोडते होय? ऐटीत म्हटलं, "पाणी आणा."

आणि पळत गेले हो!