ठोकळा शाबूत निघाला

ऑफिसात सगळे तिला पाठीमागे किलोबाई म्हणत, आणि ते तिला चांगलं माहीत होतं. नाव काही खोटं नव्हतं. जमिनीखालच्या लोखंडी पाइपांना गंज चढू नये म्हणून शेजारी मॅग्नेशियमचे ठोकळे पुरतात आणि तारेने पाइपाला जोडतात. मग झिजायचं ते ठोकळा झिजतो, पाइप शाबूत राहतो. कुठे किती किलोचा ठोकळा लागेल, हे ती ठरवायची. लोकांना वाटतं, त्यात काय एवढं, दांडगा ठोकळा पुरला की झालं. डोंबल! ठोकळा झिजताना मातीतून पाइपाकडे बारीकशी वीज वाहते, आणि माती कोरडी असली तर ती पुरेशी वाहत नाही. मग ठोकळा नुसता ठाण मांडून बसतो आणि पाइपाची चाळण होते. म्हणून ती आधी माती मोजायची, म्हणजे तिच्यातून किती वीज वाहते ते, आणि तेही भर उन्हाळ्यात, सगळ्यात कोरडी असताना.

तिचा नवरा त्याच खात्यात जोडारी होता. ठोकळ्याची तार पाइपाला जोडायची ती त्याने. लग्नाआधी ती एकदा उन्हात माती मोजत होती, तर हा कुणी न बोलावता तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिला. पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. नणंद एकदा म्हणाली, "वहिनी, या संसारात झिजणारा ठोकळा म्हणजे तूच गं." त्यावर त्याने आपल्या पोटावरून हात फिरवला. "ठोकळा मी. दिसत नाही का?"

आता तो निवृत्त झाला होता. उजवा हात थरथरायचा, शर्टाची बटणं ती लावून द्यायची. पण आपला एकही जोड कधी सुटला नाही, हे तो आल्यागेल्याला सांगायचा. तेच ते ऐकूनही ती कधी कंटाळली नाही.

आणि एक दिवस दवाखान्यामागची पाण्याची लाइन फुटली. दोघांनी मिळून केलेली ती पहिलीच लाइन. "मीही येतो," म्हणून तो हट्टाने बरोबर गेला. खड्डा खणला तर पाइपाला भोकंच भोकं. आणि शेजारचा ठोकळा वर काढला, तो जवळजवळ पुरला तसाच!

"वा, माल दणकट आहे," बघ्यांपैकी कुणीतरी म्हणालं.

किलोबाई ठोकळ्यावर वाकली. शाबूत ठोकळा म्हणजे त्याने काम केलंच नव्हतं. एक तर तिचं गणित चुकलं होतं, नाहीतर नवऱ्याचा जोड सुटला होता. तार मातीत गेलेली. पाइपापर्यंत उकरल्याशिवाय कळणार नव्हतं.

"माझंच चुकलं असणार," ती लगेच म्हणाली. "इथली माती ओली असताना मोजली असेन मी."

"उगाच काहीतरी बोलू नकोस. घामाने निथळत होतीस तू. मी होतो ना तिथे!"

"अहो, तुम्ही घरी जा बरं. ऊन लागेल."

तो कुठला जातोय! तिला ऑफिसने बोल लावला असता तर ती तो गिळून बसली असती. पण याच्याकडून याचे जोड काढून घेतले, तर याच्याजवळ उरणार काय? माझंच चुकलेलं निघू दे, असं ती मनातल्या मनात घोकत राहिली.

तोवर हा खड्ड्यात उतरलासुद्धा. थरथरत्या बोटांनी त्याने तारेच्या कडेकडेने माती सारली. टोक हातात आलं. पाइपापासून सुटलेलं, मोकळं.

"खणताना निसटलं असेल," ती घाईघाईने म्हणाली.

त्याने मान हलवली. सुटलेल्या टोकावर वर्षानुवर्षांची माती घट्ट बसली होती. मग तो उभा राहिला, तार उंच धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "जोड माझा सुटलाय! हिचं गणित बरोबर होतं!" त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

जन्मभर जिने एकेक आकडा चारचारदा तपासला, तिला वाटलं, आपलं गणित चुकलं असतं तर किती बरं झालं असतं. ती तशीच चपलांसकट चिखलात उतरली आणि सगळ्यांदेखत तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"एवढं ओरडून सांगायचं असतं का?"

"मग?" तो म्हणाला. "हळू बोललो असतो तर मागच्यांना कसं कळलं असतं?"