आपणहून आलेले खेकडे

भाद्रपदातल्या एका सकाळी आमच्या खाडीच्या तोंडाशी खेकडे आपणहून वाळूवर आले. लहान मासे काठाच्या उथळ पाण्यात तोंडं वर काढून थांबले होते. सगळा गाव टोपल्या घेऊन धावला, मीही धावलो. फक्त जन्मभर मासे विकलेली शेजारची सुलभाकाकी रिकामी टोपली घेऊन उभी राहिली.

"काकी, भरा ना!"

"मासा कधी माणसाकडे चालत येतो काय रे? त्याला आतून कुणीतरी हाकललाय."

मी पाण्याकडे पाहिलं. ते दाट हिरवं झालं होतं. शेतातलं खत पावसाने नदीत येतं, त्यावर शेवाळ माजतं, ते कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, हे मी शाळेत दरवर्षी शिकवतो. चार दिवसांपूर्वी नदीकाठच्या माझ्या भाताला घातलेला युरिया सरींनी धुऊन नेला, तेव्हा मला फक्त वाया गेलेल्या पोत्याची हळहळ वाटली होती.

मी टोपलीतला एक खेकडा पाण्यात सोडला. तो क्षणभर दिसेनासा झाला, मग वळला आणि पुन्हा वाळूवर चढून माझ्या पायांशी आला.