डब्यातलं खाणं

मंचरच्या आमच्या गल्लीत सुंदरबाईंइतकी हट्टी बाई दुसरी नाही, आणि हे मी त्यांच्या शेजारी संसार काढून सांगते. यजमान चांदमलशेठ कांदा-बटाट्याचे आडते. पण घर जैनांचं, जमिनीखाली पिकलेलं काहीही तिथे शिजत नसे. शेठ दुकानातून आले की ओट्यावर हातपाय धुवायचे, मगच आत. "असला पापाचा धंदा करता कशाला?" सुंदरबाई रोज विचारायच्या. शेठ हसून जेवायला बसायचे.

गेल्या वर्षी शेठना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. दिवसभर भिंतीकडे बघत पडून असत. डोळ्यांसमोर काहीतरी हलतं हवं, म्हणून मुलगा प्रितम याने पलंगालगत माशांची पाच फुटी काचेची टाकी बसवायचं ठरवलं. सुंदरबाईंनी अबोला धरला. जीव कोंडून ठेवायचे आणि बघत बसायचं, हे त्यांना पटेना. पण भिंतीकडे बघणारा नवराही बघवत नव्हता.

टाकी लावायला अवसरी खुर्दचा गोरख आला. लोखंडी स्टँड, धुतलेली वाळू, पाण्यातली झाडं, पंप. पाणी मात्र सुंदरबाईंनी बादली-बादली फडक्यातून गाळून ओतलं. मी चिडवलं तर हसल्यासुद्धा नाहीत.

"काकू, महिनाभर नुसता पंप चालू ठिवा," गोरख म्हणाला. "पाणी तयार झाल्याबिगर मासं सोडायचं न्हाईत."

प्रितमला दम कुठला. आठवड्यातच पुण्याहून मासे आणून सगळे एकदम सोडले. आणि शेठची नजर हलली. एका शेंदरी माशामागे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. सुंदरबाई पदराने डोळे पुसत उभ्या राहिल्या. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी गोरखला फोन करून विचारलं, "माशांचं हे डब्यातलं खाणं कशाचं असतं?" तो सरळ माणूस. "वाळल्या माशांची पूड असती, काकू." डबा तडक घराबाहेर गेला.

तेव्हापासून कणकेच्या गोळ्या. घोड नदीवर माशांना घालायच्या तशाच, मूठ-मूठ. आधीच पाणी नवं, त्यात कणीक कुजली. टाकी गढूळ झाली आणि मासे उलटे तरंगू लागले. एका माशामागे एक उपास, असं सुंदरबाईंनी धरलं. मासे संपले, शेठनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

गोरखने सगळं धुऊन पुन्हा लावलं. या वेळी महिनाभर थांबून मोजकेच मासे सोडले. "यांना डब्यातलंच लागंल," तो म्हणाला. "शाकाहारी म्हणून मिळतं, पण त्यातबी पूड असतीच. कणीक घातली तर परत तेच व्हईल."

सुंदरबाईंनी शेठकडे पाहिलं. मग गोरखने आणलेला नवा डबा स्वतः उघडला. घरात दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पाप लागायचं ते एकालाच लागू दे, म्हणाल्या. रोज चिमूटभर टाकायच्या, आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून एक दिवसाआड उपास. दोन महिन्यांत पोलकी ढगळ झाली, जिना चढताना कठडा लागू लागला. मी भांडले, प्रितम भांडला. ऐकतील तर त्या सुंदरबाई कसल्या.

परवा मी तिथेच होते. डबा घेऊन त्या पलंगावरून टाकीकडे वाकल्या, आणि शेठनी चालत्या डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. डबा पडला, पूड चादरीवर सांडली.

"सोडा. मासे उपाशी राहतील."

शेठनी सोडलं नाही. टाकीकडे पाहिलंही नाही. डोळे घट्ट मिटून घेतले.

संध्याकाळी गोरख मासे घेऊन गेला. सुंदरबाई शेठच्या पायाशी बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, आता तरी नीट जेवत जा."

"जेवेन," त्या म्हणाल्या. "अंजना, यांनी चाळीस वर्षं आमच्यासाठी कांदा-बटाटा विकला. मी रोज त्याला पाप म्हटलं आणि त्याच पैशांचं जेवले. पण थांबवायला यांचा हात असा एकदाही धरला नाही."